प्रार्थनेत मधे बोलू नये

“तिला काय विचारायचं? विश्वासी बाई आहे, नाही म्हणणार नाही.”

स्वयंपाकघरातून सिस्टरच्या थोरल्या दिरांचा आवाज आला. सिस्टर बाहेरच्या खोलीत गीतांची पुस्तकं वाटत होत्या. त्यांनी ते ऐकलं, हे मला कळलं. कारण त्यांनी मला दोन पुस्तकं दिली.

भिवंडीतल्या एका लहान प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या आणि मी केसपेपर लिहायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली मी पेशंटशी बोलायलाही बिचकायचे. सिस्टर मात्र पॉवरलूमवाल्यांच्या बायकांना हिंदीत दटावायच्या, खेड्यातल्या बायकांना त्यांच्या बोलीत. “रडू नको गं, बाळाला वाटंल चुकीच्या घरी आलो.” कळांनी तळमळणारी बाईही हसायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ओझं दिसलं की हात आधी त्यांचाच पुढे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलगे तीन, सुना तीन, पण न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं सिस्टरकडे. ड्युटीच्या आधी आणि नंतरही. थोरली जाऊ म्हणायची, “तुझाच हात लागतो गं त्यांना.” नवरा पेपरातून मान वर काढायचा नाही.

“ज्याचा वधस्तंभ त्याने उचलावा,” सिस्टर म्हणायच्या. मग हळूच, “मला तीन घरांचे दिलेत.”

एकदा ड्युटी संपली तरी त्या पायरीवर बसून होत्या.

“घरी नाही जायचं?”

“जाते गं. ही नोकरी आहे म्हणून दिवसातून एकदा तरी त्या खोलीबाहेर पडते.”

आणि नोकरी सोड, असा घरच्यांचा धोशा सुरू झाला होता.

पुस्तकं वाटली त्या दिवशी लूमना सुट्टी, म्हणून प्रार्थनासभा त्यांच्याकडे. एरवी त्या खडखडाटात पाळकसाहेबांचं काही ऐकू येत नसे. आमच्यात प्रार्थना सुरू झाली की कोणी मधे बोलत नाही. शेवटी आमेन म्हणायचं, बस्स. आपल्याला प्रार्थना करायला सांगतील या धास्तीने मी डोळे किलकिले ठेवायचे.

दीर पाळकसाहेबांच्या कानाशी लागले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले.

“हे पित्या, तुझ्या या कन्येने सासूच्या सेवेसाठी आनंदाने नोकरी सोडली, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो.”

“आमेन!” सगळे म्हणाले. दीर सर्वांत मोठ्याने.

सिस्टरचे ओठ हलले नाहीत. त्यांनी डोळे उघडले. भरल्या खोलीत आम्हा दोघींचेच डोळे उघडे होते. ‘हे खरं नाही’ अशी मी मान हलवली. माझी हिंमत तेवढीच.

पाळकसाहेब दुसऱ्या कुणासाठी प्रार्थना सुरू करणार, तोच सिस्टर म्हणाल्या,

“पाळकसाहेब, देवाला खोटं सांगू नका. मी नोकरी सोडलेली नाही. सोडणारही नाही.”