भिंतीच्या वाटणीचा पुडा

माझी आई नांबोझे हिनं आमच्या मसाकाकडच्या गावात किती लग्नांचा आणि किती मयतांचा स्वयंपाक केला असेल, देव जाणे. पातेल्याच्या तळाला पाणी आणि केळीचे दांडे, त्यावर पानांत बांधलेली मातोकेची हिरवी केळी, वर नाकातीची पालेभाजी आणि वांगी, आणि सगळ्यावर पुन्हा पानांचे थर. एकदा झाकलं की उघडायचं नाही. वाफ गेली की अब्रू गेली, असं ती बजावायची.

त्या दिवशी धाकट्या बहिणीला मागणी घालायला पाहुणे येणार होते. नळ कोरडा, म्हणून आम्ही सगळ्या बायका झऱ्यावर गेलो. घरी आई एकटी, आणि नेमकी तेव्हाच तिची कंबर धरली. चुलीजवळच्या चटईवरून उठता येईना आणि पातेल्यातलं पाणी आटत आलेलं. मी परतले तेव्हा दांडे करपल्याचा वास कुंपणापर्यंत आला होता. पाहुण्यांपुढे करपलेलं वाढायचं म्हणजे बहिणीची सोयरीक हसण्यावारी जाणार.

मांडव घालायला आलेला माझा नवरा सेन्योंगा माझ्याआधीच पाण्याचा कॅन घेऊन चुलीच्या खोपटाशी पोचला होता आणि दारातच अडला होता. आमच्यात सासूनं जावयाचं तोंड बघायचं नसतं. बघितलं तर हातपाय थरथरायला लागतात म्हणतात. बोलायचं ते मधल्या माणसाकरवी.

"कुणीतरी सांगा," तो आभाळाकडे बघत म्हणाला, "हे पाणी कुठून घालतात?"

आईनं केळीचं पान डोक्यावरून ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"भिंतीबाई, आत ये. पानं उघडलीस तर याद राख. कडेनं बोटं घालून वाट कर आणि बारीक धार सोड."

"किती सोडू?" भिंतीबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"चरचर थांबेपर्यंत. अगं, हळू. केळी शिजवायचीत, आंघोळ नाही घालायची."

मी कुंपणाबाहेर तोंडावर हात दाबून हसू आवरत उभी होते.

केळी मऊसूत झाली. पाहुण्यांनी बोटं चाटली आणि सोयरीक ठरली. पंगत उठल्यावर आईनं भुईमुगाच्या रश्शाचा, केळीच्या पानात बांधून राखून ठेवलेला एक पुडा माझ्या हातात दिला. "हा भिंतीला दे."

"वहिनी, कंबरेबरोबर डोकंही धरलं का?" आत्या म्हणाली.

सेन्योंगा खोपटाच्या मागं, भिंतीला पाठ लावून जेवला. रिकामं पान त्यानं नीट दुमडलं. इतक्या वर्षांत आईचा एक शब्द त्याच्याकडे थेट गेला नव्हता, सगळे निरोप माझ्या तोंडून. आता भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"माझी लाज राखलीस, बाळा. पोट भरलं का?"

"भरलं, आई," तो म्हणाला, आणि तसाच भिंतीला टेकून बसून राहिला.