हळद न मावणारी फट

साताऱ्याकडच्या एका कारखान्यात मी रिव्हॉल्वर घासतो. लोकांना वाटतं, तिथं सगळे मिशा पिळत ठो-ठो करत फिरत असतील. प्रत्यक्षात आमच्या फिनिशिंग खात्यात दिवसभर दोनच आवाज असतात. एक पॉलिश पेपरची खसखस, दुसरा माझा. आणि माझ्या आवाजानं त्या खसखशीचं आजवर काही बिघडलेलं नाही, एवढं सांगून ठेवतो.

आमचा माल जुन्या घाटाचा. नुसता चाप ओढाल तर ढिम्म हलणार नाही. आधी अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा. तो चढता चढता सहा घरांची चक्री एक घर पुढं सरकते, घर नळीसमोर येऊन बसतं, मगच चाप. पुढच्या गोळीला पुन्हा पहिल्यापासून घोडा. चक्री आणि नळी यांच्यामधली फट अशी ठेवायची, की केस आत जाणार असेल तर परवानगी काढून जावा.

आणि चकाकी? एकदा तपासणीच्या टेबलावर मी घासलेला नग होता. खिडकीतून कावळा आला आणि नगातल्या कावळ्याशी भांडायला लागला. दोघंही हटेनात. शेवटी खिडकीला जाळी मारावी लागली. जाळी अजून आहे, ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावी.

माझ्या अंगठ्याला तर यंत्राला न लागणारी बर, म्हणजे कडेवरची धातूची बारीक कूस, लागते. घरी भाकरीच्या कडेवरूनही तो आपोआप फिरतो. मग बायको ओरडते, "जेवा गुमान. हितं माल पास करायचा न्हाई."

हे सगळं मी पोरीच्या सुपारीच्या बैठकीत व्याह्यांना ऐकवलं होतं. व्याही म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, माधवनगरच्या अलीकडं उसाचं रान, दारात ट्रॅक्टर, आणि मिशी अशी की तिला वेगळी खुर्ची द्यावी. त्यांच्याकडं परवाना होता. माझ्या बोलण्यावर भाळून त्यांनी आमच्याच कारखान्याचा नग घेतला. योगायोग असा, की तो नग माझ्याच अंगठ्याखालून गेलेला. मी छातीवर हात मारून म्हणालो, "सुभेदारसाहेब, तुमच्या नातवाचा नातू घोडा ओढंल, तरी असाच चढंल."

लग्नानंतरचा पहिलाच दसरा. संध्याकाळी फोन आला.

"पाव्हणं, तुमच्या कारखान्याचा घोडा अर्ध्यात बसला."

"म्हंजे?"

"म्हंजे चढंना. चक्री फिरंना. सोनं द्यायला पन्नास माणूस जमलंय, आन मी खेळणं हातात घिऊन हुबा हाय."

"आमचा माल असं करत न्हाई."

"केलंय न्हवं! उद्या भावकी जेवायला हाय. तुमी या. सगळ्यांदेखत बघा आन सांगा, खोट कुणाची."

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. प्रश्न नुसत्या नगाचा नव्हता. माझा शब्द खोटा ठरला, तर त्या घरात पोरीला रोज ताटावर माझ्या बढाया वाढल्या जाणार होत्या. मीठ कमी पडलं तरी म्हणणार, बापाच्या मालासारखंच.

सकाळी मलकापुरातून, आमच्या घरून, निघालो, शेजारच्याच कराडला एस्टी धरली. एरवीचा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी मात्र तो निम्म्या कर्नाटकाला वळसा घालून सांगलीला आला असावा. प्रत्येक थांब्यावर माझी एकेक बढाई गाडीत चढत होती आणि शेजारी बसत होती. आष्ट्याला कावळा चढला.

अंगणात सतरंजीवर भावकी बसली होती. मधे पाट, पाटावर लाल फडकं, फडक्यावर माझी अब्रू. सुभेदार शिस्तीचे. आधी चक्रीची सहाही घरं रिकामी दाखवली आणि म्हणाले, "गोळ्या कपाटात, किल्ली माझ्या कंबंरला. आता बघा."

मी नग उचलला. घोडा ओढला. अर्ध्यावर आला आणि रुसल्यासारखा थांबला. मग नग नाकाशी नेला. वास यायला पाहिजे होता तेलाचा, आला ओल्या खोबऱ्याचा.

साफसफाईसाठी चक्रीतली मधली दांडी हातानं निघते. आज निघेना. पिळून, गोंजारून, मनातल्या मनात शिव्या देऊन काढली. चक्री बाहेर आली, आणि दांडीला गिलाव्यासारखी वाळलेली पिवळी हळद! नळीच्या तोंडाशी, त्या लाडक्या फटीच्या जागी, कुंकवानं लाल झालेला, भिजून चपटा झालेला अक्षतेचा एक दाणा पाचर मारल्यागत चिकटलेला.

खंडेनवमीची पूजा! मी सगळी छाती भरून घेतली. 'खोट कारखान्याची न्हाई, पूजेची हाय' असं मी ओरडणार होतो, आणि ते पार मिरजेत ऐकू गेलं असतं. तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात पोरगी दिसली. पदर दातात, नजर जमिनीवर. नव्या सुनेनं पहिली पूजा केली असणार, दुसरं कोण करणार?

तोंड उघडंच राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही.

सुभेदारांचा चुलतभाऊ पान चघळत म्हणाला, "काय पाव्हणं, आवाज बी अर्ध्यात आडकला व्हय?"

भावकी हसली. मी चक्री फडक्यावर ठेवली. कारखाना, कावळा, अंगठा, सगळं गिळलं आणि पुटपुटलो, "असंल... आमचीच चूक असंल."

"आप्पा, खोटं बोलू नका."

पोरगी अंगणात आली होती. तिनं पदर दातातून सोडला आणि खोचला. ती माझीच पोरगी आहे, हे तेव्हा आवाजावरूनच सगळ्यांना कळलं.

"हळद मी लावली. नारळाचं पाणी मीच शिंपडलं. पर मामांनी सांगितलं तसं. मामा म्हणलं, हात आखडू नको पोरी, हत्यार न्हाऊन निघू दे. मी म्हणलं, मामा, फटीत जाईल. तवा मामा काय म्हणलं? मामा, तुमीच सांगा."

ती सासऱ्यांकडं वळली. सुभेदारांची मिशी हलली.

"मामा म्हणलं, तुझ्या बापाच्या फटीत केस जात न्हाई, तितं हळद कशी जाईल?"

अंगण असं हसलं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पोरगी थांबली नाही. तिनं नखानं तो दाणा काढला आणि चुलतसासऱ्याच्या तळहातावर ठेवला. "आन खरं बघा काका. फट सैल असती तर दाणा सुटून पडला असता आन ह्यो घोडा कुरकुरत का हुईना, चढला असता. आप्पांच्या फटीनं एक दाणा सोडला न्हाई. खोट हाय का ही?"

मला टाळी द्यावीशी वाटली, पण कोणाला द्यायची ते सुचेना, म्हणून स्वतःच्याच मांडीवर दिली. मऊ ब्रश मागितला, हळद झाडली, कोरड्या फडक्यानं पुसलं, तेलाचा थेंब दिला. मग सगळ्यांना जवळ बोलावलं. नारळपाणी आणि हळद अंगावर घेऊन दोन दिवस पडलेल्या त्या काळ्यानिळ्या पोलादावर गंजाचा तीळभर डाग नव्हता. चक्री बसवली, दांडी सारली आणि नग मालकाच्या हाती दिला.

सुभेदारांनी नळी मोकळ्या आभाळाकडं केली, कान जवळ नेला आणि घोडा ओढला. टक. हलकेच उतरवला, पुन्हा ओढला. सहाच्या सहा घरं. एक आवाज, एक ताल. चुलतभाऊ पान चघळायचा विसरला.

सुभेदारांनी नग आडवा धरला. त्यांना बाजूच्या पोलादात स्वतःची मिशी दिसली. त्यांनी ती डावीकडं जरा नीट केली. आमच्या खात्याला याहून मोठं प्रमाणपत्र कुणी दिलेलं नाही.

"फेटा आणा," ते गरजले. फेटा आला आणि माझ्या डोक्यावर चढला. मी तो तसाच उतरवून पोरीच्या डोक्यावर ठेवला. सुभेदारांनी मागचा शेमला स्वतः सरळ केला. तिनंही तो नीट खाली दाबून बसवला आणि जेवणं होईस्तोवर काढला नाही. पंगतीत फेटा बांधून वाढणारी सून त्या भावकीनं पहिल्यांदाच पाहिली.

यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो होतो. हळदकुंकू रिकाम्या लाकडी पेटीला लागलं होतं आणि रिव्हॉल्वर शेजारी कोरडं ठणठणीत, तेल पिऊन बसलं होतं. सुभेदार नव्या पाहुण्यांना सांगत होते, "गेल्या साली पाच किलो हळद वतली हुती आमी. पाच किलो! पर फटीत कण शिरंल तर शपथ." एवढं बोलून त्यांनी चोरट्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं.

मी अंगठा मिशीवरून फिरवला.

"सहा," मी म्हणालो. "सहा किलो हुती, सुभेदारसाहेब."