हे वाक्य कुणाचं

आमचा मॅनेजर पीटर माल रचायच्या लाकडी पॅलेटवर उभा होता आणि त्याच्या शेजारी मी. खाली आमच्या दुबईतल्या, जबल अलीच्या गोदामातली माणसं. पीटर इंग्रजीत बोलायचा, मी ते हिंदीत सांगायचो. ॲडमिनचा माणूस म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं. मला ते आवडायचं. उंचावर उभं राहायला मिळायचं.

मंदी आली होती. बांधकामं अर्धवट थांबली, माल येईनासा झाला. पीटर म्हणाला, काम नाही, व्हिसा कॅन्सल होतील, तिकीट कंपनी देईल. मी तसंच सांगितलं. मग माझ्या पदरचं एक वाक्य घातलं.

"मेहमान हो, चुपचाप निकलो. जहाँ जाते हो, वहीं घर करके बैठ जाते हो."

पीटरने यातलं काहीच म्हटलं नव्हतं.

पुढच्या रांगेत रामाश्रय उभा होता. फोर्कलिफ्ट चालवायचा. मूळचा बिहारचा, पण उमेदीची सगळी वर्षं नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात. मी नाशिकचा आहे हे कळल्यावर आनंदाने आला होता. "साहेब, मीपण नाशिकचाच." मराठी अगदी स्वच्छ. मी त्याला हिंदीत उत्तर दिलं होतं. मुद्दाम. नाशिक का सोडलंस, असं विचारलं नाही. मला माहीत होतं. तो दुबईला आला त्या वर्षी आमच्याकडे परप्रांतीयांना हाकलणं चाललं होतं. त्याच्या खोलीचं दार लाथा घालून उघडलं होतं, हे नंतर कुणीतरी सांगितलं. अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून मी बायकोला म्हणालो होतो, बरं झालं, जरा गर्दी कमी होईल. दुबईत बसून. दुसऱ्याच्या देशाच्या व्हिसावर.

रामाश्रयने मान वर केली. हळू विचारलं. मराठीत.

"साहेब, हे त्यांचं वाक्य की तुमचं?"

मी मोठ्याने, हिंदीत म्हणालो, "साहब का है."

तो वळला. कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसला.

पीटर हॉलंडचा. त्याच्या देशात बाहेरून येणाऱ्यांना थांबवा म्हणणारा एक पक्ष जोरात होता आणि हा त्याचा कट्टर माणूस. मतपत्रिका पोस्टाने मागवून दुबईतून मत द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत मला समजावून सांगायचा. हे लोक येतात, बायकामुलं आणतात, आमची भाषा शिकत नाहीत, परत जात नाहीत. त्याला स्वतःला इतक्या वर्षांत अरबीतले दोनच शब्द येत होते, यल्ला म्हणजे चला, आणि खलास. मलाही तेवढेच. पण तेव्हा हे सुचलं नाही. मी म्हणालो, आमच्या नाशिकलाही हाच त्रास आहे, उत्तरेकडून लोंढे येतात. पीटरने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आपण दोघे एका बाजूचे.

पुढे ऑफिसातल्या खुर्च्याही रिकाम्या व्हायला लागल्या. माझी झोप उडाली. सई, माझी मुलगी, इथेच वाढलेली. नोकरी गेली तर तिची शाळाही जाणार. कंपनीच्या हॉलंडमधल्या मुख्य ऑफिसात बदली मागावी, असं मनात आलं. एका शुक्रवारी पीटरने आम्हाला व्हिलावर जेवायला बोलावलं. बागेत शेगडी पेटवलेली, दोन-चार गोरी कुटुंबं. मी संधी साधून विषय काढला. पीटर चिमटा हातात धरून मोठ्याने हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माय फ्रेंड, आय व्होट टु स्टॉप पीपल लाइक यू."

सगळे हसले.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने.

बायको ताटाकडे बघत राहिली. गाडीने परत निघालो. अल कुसैस जवळ आल्यावर मागून सई म्हणाली, "बाबा, व्हाय डिड यू लाफ?"

मी सिग्नल बघत राहिलो. हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते.

नंतर कशात लक्ष लागेना. पीटरचा राग येत होता. पण राग करायला बसलो की रामाश्रय समोर यायचा. पीटरने निदान स्वतःचं वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. मी माझं त्याच्या नावावर खपवलं होतं.

काही आठवड्यांनी पुन्हा माणसं कमी करायची ठरली. पुन्हा पॅलेट. पीटरने मला वर यायची खूण केली. मी खालीच उभा राहिलो, माणसांच्या रांगेत. म्हणालो, आज तूच सांग. त्याने दोनदा बोलावलं. मी हललो नाही. चिडून त्याने इंग्रजीतच सांगून टाकलं.

आणि सगळ्यांना कळलं. एकानेही अर्थ विचारला नाही. इतकी वर्षं सगळ्यांना कळतच होतं. माझी गरजच नव्हती.

म्हणजे रामाश्रयलाही कळलं होतं. ते वाक्य माझं आहे, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने विचारलं. मराठीत विचारलं, चारचौघांत माझी अब्रू जाऊ नये म्हणून. मला ते मागे घ्यायची संधी दिली होती.

त्या पॅलेटवर मी पुन्हा चढलो नाही. थोड्याच दिवसांत माझंही खलास झालं. धावाधाव करून अल कुसैसमध्येच लहानशी नोकरी मिळाली.

पुढे बऱ्याच काळाने कळलं, रामाश्रय दुसऱ्या व्हिसावर परत आलाय, दुबईबाहेर उम्म अल कुवैनला एका वर्कशॉपमध्ये आहे. मी गेलो. त्याचे केस पांढरे झालेले. ओळखलं त्याने. हात पुसत बाहेर आला, मुलीची चौकशी केली. हिंदीत. चला, टपरीवर चहा घेऊ, म्हणाला.

मी नको म्हणालो. अपमान सगळ्यांसमोर केला होता, माफी कोपऱ्यात मागायची नव्हती. मी ठरवलं होतं, कुणाला हाकलायला माझी जीभ आता मिळणार नाही. इथे नाही, नाशिकलाही नाही. पण त्याआधी ही माफी मागणं भाग होतं. वर्कशॉपमधली माणसं काम थांबवून बघायला लागली. त्यांना कळावं म्हणून आधी हिंदीत सांगितलं. मग त्याच्याकडे वळून, त्याने मला पहिल्या दिवशी देऊ केलेल्या भाषेत.

"रामाश्रयभाऊ, ते वाक्य पीटरचं नव्हतं. माझं होतं. मला माफ करा."