काशीचा गडू
पनवेलच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून डाखाचा, म्हणजे सोल्डरिंगचा वास आला, की मला आमचे शेजारचे आजोबा आठवतात. एकदा ते फार आजारी पडले, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि घर नातेवाइकांनी भरलं होतं. सुनेने देव्हाऱ्यातला काशीचा गडू आणला. आजोबांच्या आईने यात्रेहून आणलेला, तांब्याच्या पोटावर गंगेचे घाट कोरलेले, तोंड डाख लावून बंद. आतलं गंगाजल त्यांच्या मुखात घालायचं होतं, पण गडू काही उघडेना. थोरल्या मुलाने सुरी मोडली, धाकट्याची पक्कड घसरली, शेवटी मी घरून छिन्नी-हातोडी आणली. सून तुळशीचं पान धरून उभीच. मी एक घाव घातला आणि खाटेवरून आवाज आला, "हळू मार रं, पोचा पडंल. माजे आयनी आनलाय." आजोबा कोपरावर रेलून बघत होते. त्यांनी गडू मागून घेतला, चादरीने पुसला, उशाशी ठेवला आणि चहा सांगितला. पुढे ते बरीच वर्षं जगले. खरोखर गेले, तेव्हा सुनेने गडूकडे नुसतं पाहिलं आणि मुखात नळाचं पाणी सोडलं. गडू अजून बंदच आहे, शोकेसमध्ये. मी त्यांच्याकडे गेलो, की धाकटा तो उचलून आतल्या खोलीत ठेवून येतो.