भागवततात्यांची नागीण

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर सकाळ आहे. मागे भंडारदऱ्याचं धरण, पाण्यावर डिसेंबरातलं धुकं, डाव्या अंगाला डोंगराची काळी कड. पुढे मुक्कामाच्या घराचा सारवलेला ओटा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर एकच चादर आहे आणि तिच्यासमोर एक उंच, काटकुळा म्हातारा उभा आहे. पांढरा सदरा, कडक इस्त्री, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तो चादरीचा कोपरा चिमटीत धरतो, नाकाशी नेतो आणि मेलेला उंदीर टाकावा तसा सोडून देतो.

"उकळलेली न्हाई," तो म्हणतो. "नुस्ती निळीत बुचकाळलीया. वास बघ वास."

"तात्या, हळू बोला. घरमालक आत आहेत," ओट्यावर चहा घेत बसलेली त्याची लेक रोहिणी म्हणते.

"आयकू दे की. ढेकनं पाळल्यात आन् वर भाडं घेत्यात."

हे भिंगारचे भागवततात्या. काष्टीची कोरडवाहू जमीन भावांवर सोडून ते विसाव्या वर्षी भिंगारला आले आणि पुढची अडतीस वर्षं त्यांनी लष्करातल्या साहेबांचे गणवेश धुतले. भट्टी, साबण, खळ, इस्त्री. त्यांच्या हातची बाहीची घडी अशी असायची, की नवा लेफ्टनंट ती मोडायची भीती वाटून हात ताठ धरून चालायचा. रक्त, शाई, वंगण, रस्सा, कुठला डाग कशानं निघतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पण ज्याला डाग दिसतो त्याला दुसरं काही दिसतच नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या बाहीचा तेलकट काठ दिसला की तात्यांचा घास तोंडात फिरायचा. रस्त्यात कुणी पचकन थुंकलं तर ते चप्पल उचलून तिथल्या तिथं झटकायचे. बायको सत्यशीला म्हणायची, "ह्यांना देवानं माणूस म्हणून नको, साबणाची वडी म्हणून पाठवायचं हुतं." ती बिचारी सहा वर्षांपूर्वी गेली.

जन्मात कधी सुट्टीवर न गेलेला हा माणूस भंडारदऱ्याला आला तो लेकीपायी. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर रोहिणीला दिवस गेले होते. पाचवा महिना चालू होता. जावई ओंकार सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याला चार दिवस रजा मिळाली आणि रोहिणी हटून बसली, "तात्या आले तरच मी येते." तात्या आले. शुक्रवारी संध्याकाळी पोचले आणि शनिवारी सकाळी उठले ते डावी बरगडी कुणी तापल्या इस्त्रीनं चाटून काढल्यासारखी पेटलेली. हात लावला तर खाली खरबरीत पुटकुळ्या. तात्यांनी एका क्षणात निकाल लावला. गुन्हेगार चादर.

घराचा मालक श्रीमंत नावाचा, तिशीतला, हसऱ्या तोंडाचा गडी. तो बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "बाबा, कालच धुतली होती हो चादर."

"कशात? डबक्यात?"

"मशीनमध्ये."

"मशीन!" तात्यांनी हा शब्द असा उच्चारला, की समोरच्या आंब्यावरचा कावळा उडाला. "मशीनीत कापड फिरतं, धुतलं जात न्हाई."

श्रीमंतनं नवी चादर दिली. तात्यांनी ती दुपारभर स्वतःच्या हातानं उकळत्या पाण्यात घातली, आपटली, पिळली. श्रीमंतच्या म्हाताऱ्या आईनं, लंकाबाईनं, चुलीपाशी बसून हे सगळं पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "पाव्हना हाय का गडी कामाला ठिवलाय?"

पण रविवारी चादर स्वच्छ आणि आग मात्र दुप्पट. न्हाणीघराचं दार लावून तात्यांनी सदरा वर केला आणि पाऱ्याचे पोपडे गेलेल्या आरशात पाहिलं. पाठीच्या कण्यापासून पोटाकडे येणारा लाल पट्टा. त्याच्यावर फोडांचे घोस, पाण्यानं तटतटलेले, काही पिवळसर, आणि त्यांच्या मध्ये तांबडी, ओलसर, चकाकणारी कातडी. तात्या बादलीवर वाकले, पण नुसतीच कोरडी उबळ आली. दुसऱ्याच्या अंगावर असं काही दिसलं असतं तर ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले असते. स्वतःच्या अंगावरून पलीकडे कुठं जायचं? त्यांनी डोळे मिटून सदरा खाली ओढला, बटणं लावली आणि बाहेर येऊन सांगितलं, "मी बोटीत येत न्हाई. मला पानी बघून गरगरतं."

दिवसभर ते खुर्चीत ताठ बसून राहिले. ओंकारनं आग्रह केला, रोहिणीनं विनवलं. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. लेकीनं खांद्यावर हात ठेवला तर ते असे दचकले की तिच्या हातातला पेरू खाली पडला.

सोमवारी सकाळी मात्र सोंग उघडं पडलं. एक फोड फुटून बनियन बरगडीला चिकटलं होतं. तात्यांनी ते पाणी लावून कसंबसं सोडवलं, बादलीत कोपऱ्यात भिजत टाकलं आणि तोंड धुवायला गेले. परत येतात तर रोहिणी पाटावर बसून तेच बनियन चोळते आहे. पोट सांभाळत, बाह्या वर करून.

"टाक ते!" तात्या ओरडले. "टाक म्हनलं ना! हात नको लावू!"

आरडाओरड्यानं ओंकार धावत आला, श्रीमंत आला, मागोमाग लंकाबाई आली. बनियन हिसकायला तात्या वाकले आणि घाईत चढवलेला, बटणं न लावलेला सदरा बाजूला झाला. लंकाबाईनं पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"आगं बया, नागीन हाय ही! कंबरंला येढा घालतीया. तोंडाला शेपूट मिळालं तर मानूस हाती लागत न्हाई, बाबा. बसा, बसा हितं. आत्ता बांधून टाकते तिला."

ती आत गेली आणि गेरूचा खडा, वाटीत पाणी आणि एक चिंधी घेऊन आली. पूर्वी ती चिंधी कुठल्या रंगाची असेल हे सांगणं कठीण. आता ती काळ्या-तांबड्या सालपटासारखी कडक झाली होती. लंकाबाईनं ती वाटीत बुडवली. चिंधीतून सुटलेला तवंग तात्यांनी पाहिला.

"ही कवा धुतली हुती?" त्यांनी विचारलं.

"ही?" लंकाबाई अभिमानानं म्हणाली. "ही धुवत न्हाईत, बाबा. माज्या सासूची हाय. धुतली तर गुन जातो. पन्नास-साठ मानसं उतरवली हिनं, एकाच्याबी नागिनीनं तोंड जुळवलं न्हाई."

पन्नास-साठ माणसांचे फोड त्या एका चिंधीत! तात्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं ते पाहायला नाट्यगृह तुडुंब भरलेलं असायला हवं होतं. ओठ मुडपले, नाकपुड्या फुलल्या, हनुवटी थरथरली आणि दोन दिवस दवाखान्याचं नाव न काढणारा तो माणूस अनवाणी गाडीकडे धावला. "ओंकार! गाडी काढा! आत्ताच्या आत्ता डाक्टर!"

मागून लंकाबाई म्हणाली, "मरतंय येडं." पण शिव्या देता देता तिनं त्यांच्या चपला नेऊन गाडीत टाकल्या.

राजूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सदरा वर करायला सांगितला. तात्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"नागीणच आहे. चादर नाही, ढेकूण नाही आणि सापाचाही काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो, वय झालं की कधी कधी उठतो. दोन्ही टोकं जुळून कुणी मरत नाही. पुरळ कधी दिसलं?"

"शनिवारी सकाळी."

"तीन दिवसांच्या आत आलात, बरं झालं. गोळ्या लगेच सुरू करू." आणि मग त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या रोहिणीच्या पोटावर गेली. "ह्या कोण? तुम्हाला कांजिण्या झाल्यात का कधी? ह्या फोडांचं पाणी लागलं, तर ज्याला झाल्या नसतील त्याला होऊ शकतात. गरोदरपणात ते बरं नाही."

"मी आत्ता सकाळी तात्यांचं बनियन धुतलं," रोहिणी म्हणाली. तिचा हात आपोआप पोटावर गेला. "मला आठवत नाही काही. आईला माहीत होतं. तात्या, झाल्या होत्या का मला?"

सगळे तात्यांकडे बघत होते.

तात्यांना आठवेना. मेजरसाहेबांच्या मेसमधल्या कोटावर कुठल्या सालच्या होळीचा रंग सांडला होता, ते आठवत होतं. कर्नलच्या बाईंच्या रेशमी साडीवरचा हळदीचा डाग आठवत होता, पदरापासून चार बोटांवर. एकुलत्या एक लेकीच्या अंगावर कधी फोड आले होते की नाही, ते नाही. त्यांनी डोकं धरलं. आत्तापर्यंत चादरीची, चिंधीची, स्वतःच्या कातडीची येत होती ती शिसारी आता त्या कातडीच्या आतल्या माणसाची आली.

"झुंबरला इचारतो," ते पुटपुटले.

झुंबरबाई म्हणजे काष्टीची त्यांची धाकटी बहीण. ओंकारनं दवाखान्याच्या पायरीवर फोन लावला आणि ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे कांद्याची लागण चालली होती. बायकांचा गलबला, वारा, आणि त्या सगळ्यावर झुंबरबाईचा आवाज.

"कांजिन्या? रोहिनीला? आरं मर्दा, इचारतोस काय! चार वर्साची हुती. डोळ्याच्या पापनीवर सुदीक फोड. पंधरा दिस मी भिंगारला येऊन राह्यले, लिंबाच्या पाल्यावर निजवली तिला. वैनीनं आन् मी आळीपाळीनं जागून रात काढली."

"मंग मला कसं ठाव न्हाई?"

"तुला कसं आसंल? तू इस्त्रीच्या दुकानात निजायचास. वैनी ताट दारात ठिवायची, ते घ्यायचास आन् जायचास. पोरगी आतून 'तात्या, तात्या' करायची. तू म्हनलास, मला बघवत न्हाई, मळमळतंय. आसं का इचारतोस, काय झालं?"

तात्यांनी फोन ओंकारकडे दिला.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा सैल झाला. एकदा होऊन गेल्यात म्हणजे बहुतेक काळजी नाही, तरी नगरला गेल्यावर आपल्या डॉक्टरांना सांगा, रक्त तपासून घ्या, असं त्यांनी रोहिणीला दोनदा बजावलं. ओंकारनं पायरीवरच बसकण मारली आणि रुमालानं चेहरा पुसला. रोहिणी हसली, मग थोडी रडली, मग पुन्हा हसली.

दुपारी त्याच ओट्यावर ऊन आलं होतं. फोड धुवून, कोरडे करून, औषध लावून वर स्वच्छ कापड बांधायचं होतं आणि पाठीपर्यंत तात्यांचा हात पोचत नव्हता. ओंकार पुढं झाला, एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मी पाणी गरम करून आणतो." तो गेला तो लवकर आलाच नाही. दवाखान्यातून आणलेले रबरी हातमोजे रोहिणीनं चढवले.

"तू नको," तात्या म्हणाले.

"मला होऊन गेल्यात. ऐकलं ना आत्याचं?"

"आयकलं."

तिनं सदरा वर केला. तात्यांनी सवयीनं मान वळवली, मग हळूच तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ओठ मुडपलेले नाहीत, नाक आक्रसलेलं नाही. कपाळावर नुसती कामातली आठी. कापसाचा बोळा ती एकेका फोडावर अलगद टेकवत होती आणि दुखलं की काय म्हणून मधेच थांबत होती. नासल्यासारखा आंबट वास येत होता. तात्यांना तो सहन होईना.

"रोहिणे, पंधरा दिस मी तुज्यापाशी आलो न्हाई. किळस यायची मला."

"ठाऊक आहे. मी लहानपणी आजारी असताना तुम्ही दुकानात निजायचात, एवढंच आई सांगायची," ती म्हणाली आणि दुसरा बोळा औषधात बुडवला. "हलू नका."

तात्या हलले नाहीत. मग त्यांचा आवाज आला, चिडका, घोगरा, नेहमीचा.

"आगं, जरा तोंड तरी वाकडं कर की. मला लई बरं वाटंल."