एका माणसासाठी एस्प्रेसोचं मशीन

माझ्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी मला दूधवाल्याकडून कळली. मुलीला ती माझ्याकडून कळली. बातमी पसरवली कोणी याचा मी तपास केला, तेव्हा आरोपी मीच निघालो.

सगळं एका कप कॉफीमुळे झालं.

आम्ही गोरेगावचे. (मुंबईचं नव्हे. आमच्या गोरेगावाभोवती धानाच्या बांध्या आहेत आणि गोंदियाला जायचं तर एसटी किंवा मोटरसायकल.) माझं इथे खत-बियाण्यांचं दुकान आहे. एकुलती एक मुलगी पल्लवी बंगळुरूला नोकरी करते. यंदा ती लॅपटॉप घेऊन दहा दिवसांसाठी घरी आली. काम इथूनच करणार होती. मी तिला हवेशीर खोली दिली, टेबल दिलं, दुकानातली फिरती खुर्चीसुद्धा दिली आणि स्वतः युरियाच्या पोत्यावर बसू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोकं धरलं. चहा घेतला, पुन्हा डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, मी चार दिवस प्रकाशमामाकडे जाऊन येते. त्याच्या घराखालीच कॅफे उघडलाय. सकाळी एक कॅपुचिनो मिळाली ना, की माझं डोकं चालतं."

प्रकाश म्हणजे माझा साळा. राहणार गोंदिया. माणूस अत्यंत सज्जन, आणि हीच माझी मूळ तक्रार आहे. पल्लवी लहानपणी उन्हाळ्यात मामाकडे दोन दिवसांसाठी जायची आणि पंधरा दिवसांनी यायची, कारण मामाकडे कूलर होता. मी कूलर घेतला, तर त्याने एसी बसवला. मी एसी बसवेपर्यंत मुलगी बंगळुरूला गेली. आता वर्षातून मिळणारे दहा दिवस, त्यातले चार त्याला द्यायचे, आणि तेही कॉफीपायी? हे होणे नव्हते.

"कुठे जायचं नाही," मी म्हणालो. "कॅपुचिनो घरीच होईल."

"त्याला एस्प्रेसो लागते, बाबा. मशीन लागतं."

"एस्प्रेसो? एवढंच ना?"

आमच्याकडे एस्प्रेसो हा शब्द लहान मुलालाही माहीत आहे. एस्प्रेसो म्हणजे लग्नातली कॉफी. जेवणाच्या मांडवात आइस्क्रीमच्या अलीकडे एक चकचकीत यंत्र उभं असतं. त्याच्या नळीखाली दुधाचा जग धरला की खर्रर्र असा आवाज होतो, वऱ्हाडी दचकतात, दुधावर फेस येतो, फेसावर चॉकलेटची भुकटी पडते. या कॉफीचा मला शेकडो लग्नांचा अनुभव आहे. मी सरळ गावातल्या केटररला, बंडूभाऊला, फोन लावला.

"एस्प्रेसोचं मशीन पाहिजे होतं."

"देतो ना जी. कितीक लोकं?"

"एक."

"एक हजार?"

"एक माणूस. आपल्या पल्लवीसाठी."

मग बंडूभाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "समजलो जी. मशीन सध्या केशोरीले लगनात गेली आहे, परवा येते. अन् काळजी करू नका, मी कोणाले सांगत नाही."

कॉफीत लपवण्यासारखं काय आहे, ते मला समजलं नाही. पण त्याने शब्द पाळला. त्याने गावातल्या एकेकाला बाजूला घेतलं आणि कोणाला सांगू नका म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने रोजच्या एक लिटरऐवजी तीन लिटर मापून दिलं. मी विचारलं, काऊन बाप्पा?

"लगनघर आहे, भाऊ. लागन," तो म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

मी आत जाऊन पल्लवीला तिचं लग्न ठरल्याचं सांगितलं. ती हसून हसून फिरत्या खुर्चीत दोन वेळा फिरली. "जावई काय करतो म्हणे, बाबा?" तिने विचारलं. मग डोकं धरून म्हणाली, "जोक बरा होता. पण मी उद्या सकाळी मामाकडे निघते. कामाची मीटिंग आहे, तोवर हे दुखणं थांबायला पाहिजे."

म्हणजे माझ्याकडे एक सकाळ होती. मशीन केशोरीला, दूध तीन लिटर.

मी विचार केला, मशीनमध्ये शेवटी असतं काय? वाफ. वाफ घरात कुठे असते? कुकरमध्ये. कुकरची शिट्टी काढायची, तिथे नळी बसवायची आणि नळीचं दुसरं टोक दुधात. दुकानात फवारणी पंपाची नळी होती. (कोरी, पाकिटातली. वाचकांनी तशी शंका घेऊ नये.) पल्लवी तिच्या मोबाइलवर वाचून सांगत होती की याची काही गरज नाही, साध्या झाकणाच्या बरणीतही फेस होतो. मी ऐकलं नाही. मला तो खर्रर्र आवाज हवा होता.

कुकरमध्ये पाणी घालून मी गॅसवर ठेवला आणि नळी आणायला दुकानात गेलो. परत आलो तेव्हा कुकर जिथल्या तिथे होता. मी जाताना उघडं ठेवलेलं झाकण आता लागलेलं होतं. झाकणाआड काय आहे हे मला दिसत नव्हतं, एवढाच त्यात फरक होता.

नळी बसवली, तारेने आवळली, टोक दुधाच्या जगात बुडवलं. दोन मिनिटं शांतता. मग तो आला! खर्रर्र. अगदी लग्नातल्यासारखा. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या आणि समाधानाने मान हलवून परत गेल्या. (त्यांना आता पुरावाच मिळाला होता.) दुधावर फेस चढू लागला. पांढरा, मग मलईच्या रंगाचा, मग पिवळा. मला वाटलं, बायकोने प्रेमाने केशर घातलं.

तेवढ्यात फेसातून मोहरीएवढा हिंगाचा वास आला, आणि तो पाहता पाहता नारळाएवढा झाला.

"लता," मी बायकोला हाक मारली, "कुकरमध्ये काय आहे?"

"डाळ," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यासाठी कायले गॅस जाळून राहिले तुम्ही? म्हटलं, संगं वरण होऊन जाईल."

तिचं वाक्य संपलं आणि नळी जगातून सुटली. आधी ती छताकडे गेली, मग कॅलेंडरवर, मग फ्रिजवर, आणि शेवटी दाराकडे वळली. मी गॅस बंद केला, पण जे व्हायचं ते झालं होतं. दारात प्रकाश उभा होता. हातात पेढ्यांचा डबा. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि त्या शर्टावर आमचं वरण.

तो जागचा हलला नाही. त्याला वरणाशी देणं-घेणंच नव्हतं.

"जिजाजी," तो म्हणाला, "भाचीचं लगन ठरलं, अन् मामाले बाहेरच्या लोकांकडून समजते? मैं क्या पराया हूँ?"

त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच मागे टाकलं होतं, आणि मला अजिबात मजा येत नव्हती. मी सगळं सांगितलं. कॉफी, बंडूभाऊ, एक माणूस, केशोरी, कुकर. कॅफेचं सांगताना जरा अडखळलो, कारण मुलीला त्याच्याकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून हा सगळा प्रकार, हेही त्यात आलंच.

प्रकाशने सगळं ऐकून घेतलं. मग मिशीवरचं वरण बोटाने पुसून चाखलं.

"ताई, मीठ कमी आहे."

"अजून टाकायचंच होतं," लता म्हणाली.

पल्लवीने आम्हा दोघांना बाजूला केलं. कपात कॉफीची भुकटी आणि साखर घेतली, दोन चमचे गरम पाणी घातलं आणि घट्ट काळा घोळ केला. एका रिकाम्या बरणीत अर्ध्यापर्यंत कोमट दूध ओतलं, झाकण आवळलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "हलवा," ती म्हणाली. मी हलवली. दीड-दोन मिनिटांत बरणीभर फेस. आवाज काही आला नाही. तो फेस कपातल्या घोळावर पडला आणि कॅपुचिनो झाली.

तिने घोट घेतला, डोळे मिटले. "जात नाही मी कुठे," ती म्हणाली.

प्रकाशनेही एक कप घेतला. "खालच्या कॅफेपेक्षा चांगली आहे, जिजाजी," तो म्हणाला. हे वाक्य मी आजही जपून ठेवलं आहे.

पल्लवी पूर्ण दहा दिवस राहिली आणि बंगळुरूला परत गेली. बंडूभाऊ भेटला की अजून हळूच तारीख विचारतो. आणि प्रकाश? तो दर रविवारी सकाळी नऊ वाजता गोंदियाहून येतो, फिरत्या खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "जिजाजी, फेस जरा जास्ती." मी उभा राहून बरणी हलवतो. मुलीचे चार दिवस वाचवायला गेलो आणि साळ्याचे वर्षभराचे रविवार घेऊन बसलो.

मी स्वतः चहा घेतो. त्या कॉफीने माझं डोकं दुखतं.