सूपभर कोंड्याचा पोरगा

जवळजवळ तीन वर्षं मी माझ्या पोटच्या पोराला 'माझा' म्हटलं नाही. म्हणायची सोयच नव्हती. तो विकलेला होता.

विकला सासूबाईंनी, तोही जन्मला त्याच दिवशी. त्याच्याआधीची माझी दोन लेकरं चालायला लागायच्या आतच गेली होती. आमच्या पोवार जातीत आणि आसपासच्या गावांतही तेव्हा एक रीत होती. ज्या बाईची पोरं जगत नाहीत तिचं पुढचं मूल जन्मल्याबरोबर परक्या माणसाला विकायचं. घेणाऱ्यानं मोल म्हणून सूपभर कोंडा द्यायचा. मूल वाढायचं आईजवळच, पण नावाला दुसऱ्याचं. मरण त्याला शोधत घरी आलं तर म्हणायचं, आमच्याकडे पोर नाही बा, जा. मरणाला इतकं सहज फसवता येतं असं मला काही वाटत नव्हतं. पण दोन पोरं पुरलेल्या बाईला असले नखरे परवडत नाहीत.

आमचं गाव दवनीवाड्याकडे, घरची धानाची शेती. पण हे गोंदियाला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, म्हणून आम्ही क्वार्टरात राहायचो. गावात असतो तर पोर सुइणीला विकलं गेलं असतं. इथं बाळंतपण केलं ते शेजारच्या नर्सबाईनं. ती रेल्वेच्या दवाखान्यात होती, ख्रिस्ती, एकटी राहणारी, मागच्या अंगणात कोंबड्या पाळणारी. कोंबड्यांमुळे घरात कोंडाही होता. सासूबाईंना आणखी काय पाहिजे?

"घेतेस का वो हा पोरगा?" त्यांनी तिला विचारलं, जशी कोथिंबिरीची जुडी द्यावी.

नर्सबाई म्हणाली, "आमच्यात असं नसते, आजी."

"तुमच्यात नसन. पोर तर आमच्यातला हाय ना?"

ती हसली, हात पुसले आणि सूप भरून कोंडा घेऊन आली. तो कोंडा सासूबाईंनी गावी नेऊन म्हशीला घातला.

आणि मग नियम सुरू झाले. बारशाचा पाळणा तिच्या ओसरीवर बांधला. प्रत्येक सणाचं नवं कापड आधी तिच्याकडून, मग आमचं. तिच्या सणाला पोर तिच्या घरी. मी कोणासमोर 'माझा मुलगा' म्हणायचं नाही, 'बाईचा पोरगा' म्हणायचं. पोर तिसऱ्या वर्षात धडपणे गेलं की जावळ काढायचं, त्याच्याआधी सूपभर कोंडा देऊन त्याला परत घ्यायचं, आणि घेणारीनं स्वतःच्या तोंडानं 'दिला' म्हटलं पाहिजे. ती नाही म्हणाली तर काय, हे मी एकदा सासूबाईंना विचारलं. "काऊन नाही म्हनन?" एवढंच त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. त्यांचं ते बसणं मला आवडलं नाही.

नर्सबाईनं पोराला मालकिणीसारखंच वागवलं. न विचारता न्यायची, न विचारता भरवायची. देवीची लस तिनंच टोचली. सासूबाई म्हणत, तो कोंड्यानं वाचला. हे म्हणत, लशीनं वाचला. मला दोन्ही चालत होतं.

तान्ह्या पोळ्याला तिनं त्याला चाकांचा लाकडी बैल घेऊन दिला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं असले बैल ओढत दारोदार फिरतात आणि खाऊ गोळा करतात. हा पठ्ठ्या फक्त आमच्या दारातून तिच्या दारात आणि तिच्या दारातून आमच्या दारात असाच फिरला. दोन्हीकडे मुरमुरे मिळत होते, लांब कायले जाईल? त्या दिवसापासून तो बैल त्याच्या बगलेतून निघाला नाही.

त्याच वर्षी आमचा सगळा मुलूख मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला. आम्ही क्वार्टरातून हललोसुद्धा नव्हतो. हे म्हणाले, "आपल्यालेही कोनीतरी कोंड्यावर विकलं पाय." मी हसले नाही. मला विकण्याचा विनोद सोसत नव्हता.

नाताळ तोंडावर आला तशा सासूबाई नवा तांदूळ घेऊन गावाहून आल्या. म्हणाल्या, पौष लागायच्या आत जावळ काढू, तर बाईकडून पोर घेऊन टाक. मी त्याच पावली शेजारी गेले. नर्सबाई बांबूच्या कामट्यांना लाल पतंगी कागद चिकटवून चांदणी करत होती. पोर तिच्या पाठीवर लोंबकळत होतं.

"नाताळ होऊ दे," ती कामट्यांवरची नजर न काढता म्हणाली. "एवढा नाताळ माह्याजवळ राहू दे, मग पाहू."

'मग घेऊन जा' नाही म्हणाली. 'मग पाहू' म्हणाली.

मी घरी येऊन चुलीपुढं बसले तर गार्डसाहेबांची बायको विरजण मागायला आली. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं. "नाताल के दिन गिरजाघर में बच्चों के सर पे पानी डालते हैं," तिनं सांगितलं. "एक बार पानी पड गया, तो बेटा उनका. फिर तुम्हारा कोंडा लेकर कौन चाटेगा?" विरजण घेऊन ती गेली, आणि माझी झोपही तिच्याबरोबर गेली. भांडायचं म्हटलं तर कोणत्या तोंडानं? बाई काही चोरून नेत नव्हती. आम्हीच विकला होता, आणि तिच्या नावावर असल्यामुळेच तो जगला असं सगळ्या क्वार्टरांत म्हटलं जात होतं.

नाताळच्या सकाळी बाईनं त्याला न्हाऊ घातलं, नवी चड्डी चढवली, स्वतः विणलेली लोकरीची टोपी घातली. बैल बगलेत होताच. आदल्या वर्षी सर्दी होती म्हणून तो गेला नव्हता आणि पहिल्या वर्षी तर तिच्या मांडीवर नुसता झोपून होता. या वेळी तो चालत निघाला, तिचं बोट धरून, मागं वळूनही न पाहता.

"मी नाही येत त्यांच्या देवळात," सासूबाई म्हणाल्या. "पन तू जाय. डोळा ठेव पोरावर."

रुळांपलीकडे लहानसं चर्च होतं. मी दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले. आत पताका होत्या, एका कोपऱ्यात गव्हाणी मांडली होती. तिच्यात अंथरलेली तणस, धानाचा पेंढा, बाईनं आमच्याकडून नेलेली; सासूबाईंनी तांदळाबरोबर आणलेली, आमच्याच शेतातली. तणशीवर मातीची गाय, मातीचे मेंढपाळ आणि मध्ये मातीचं बाळ. आमचा पोरगा सरळ तिथं गेला आणि त्यानं आपला बैल गाईशेजारी लावला. बैल गाईच्या दुप्पट होता. एक मेंढपाळ आडवा झाला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि माझ्याही मनाला तेवढ्यापुरतं जरा बरं वाटलं.

मग पादरी पुढे आले. नवे होते, नागपूरकडून नाताळपुरते आलेले, कोणाला ओळखत नव्हते. त्यांच्यापुढे मेजावर पितळेचं घंगाळ, घंगाळात पाणी. दोन घरची तान्ही बाळं घेऊन आईबाप उभे राहिले. पादऱ्यांनी काही म्हणत त्यांच्या डोक्यांवर पाणी लावलं. गार्डीण खोटं बोलली नव्हती तर.

आणि आमच्या पोराला पाणी म्हणजे जीव की प्राण. नळाखालून त्याला ओढून काढावं लागे. त्यानं घंगाळ पाहिलं आणि बाईचा हात सोडून धावला. मेजाला लोंबकळून त्यानं पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि थपाथपा मारायला लागला. पादऱ्यांचा पांढरा झगा भिजला. त्यांनी त्याला उचलून कडेवर घेतलं. माणूस प्रेमळ असावा, रागावले नाहीत. हसून म्हणाले, "हे लेकरू कोणाचं? आणा, याचंही करून टाकू."

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर शब्द आला आणि तिथंच अडकला. 'माझा' म्हटलं तर विक्री मोडते, मरणाला घराचं दार सापडतं. नाही म्हटलं तर पाणी पडतं. पादऱ्यांचा ओला हात वर होता आणि मी चपलांमध्ये मुक्यासारखी उभी होते. एवढी मी पुन्हा कधी भ्याले नाही.

नर्सबाई उठली.

"माझा हाय, साहेब," ती म्हणाली. मी चौकट धरली. "रीतीनं विकत घेतलेला हाय. पन परत द्याचा करार हाय. दुसऱ्याच्या भांड्यावर आपण आपलं नाव घालत नाही ना, साहेब?"

आमच्याकडे प्रत्येक पेल्यावर, ताटावर नाव कोरलेलं असतं, म्हणून चर्चमधल्या सगळ्या बायांना ते झटकन कळलं. पादऱ्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी हात झग्याला पुसून कोरडा केला, पोराची टोपी सारखी केली आणि त्याला तिच्या कडेवर दिलं. मी तिथंच चपलांवर बसले आणि रडले. कोणीतरी माझ्याखालून आपली चप्पल ओढून घेतली तेही मला चालत होतं.

परतताना ती रुळांवर थांबली. "दारात काऊन उभी होतीस? आत येऊन बसाचं ना."

"तू 'मग पाहू' म्हणालीस," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एकदम कपाळाला हात लावला. "अवो, मी जावळाच्या दिवसाचं म्हनत होती! ड्युटी पाहू, सुट्टी पाहू. तुह्या मनात काय काय शिजून राहिलं होतं?" मी सांगितलं नाही. पण तिला समजलं असावं. रूळ ओलांडल्यावर म्हणाली, "चाल, आजच घेऊन टाक. आज आमचा मोठा सण हाय. आज दिलेलं कोनी परत मागत नाही."

आता कोंडा. सासूबाईंनी गावाहून तांदूळ आणला, तणस आणली, चिवडा आणला, पण कोंडा नव्हता आणला. आमच्या क्वार्टरात शोधून कोंड्याचा कण मिळेना. ज्यांच्या गावात कोंड्याचे ढीग लागतात त्यांची ही गत. शेवटी नर्सबाईच म्हणाली, "कोंबड्यांच्या डब्यातला घ्या." म्हणजे तिचंच सूप, तिचाच कोंडा, आणि तिलाच द्यायचा.

तिच्या ओसरीवर सगळे बसलो, तर सासूबाई विचारात पडल्या. तेवढ्यात हे म्हणाले, "तिचाच कोंडा तिलेच देल्लेला चालते का?" आयुष्यात एवढ्याच वेळी त्यांनी कायदा काढला असेल, तोही नको तेव्हा. सासूबाईंनी त्यांना असं काही पाहिलं की ते उठून अंगणात गेले.

"सूप भरलेलं हाय ना?" त्या म्हणाल्या. "मंग झालं. दे वो बाई, तोंडानं बोल."

नर्सबाईनं सूप घेतलं. पोर तिच्या मांडीवर होतं, ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. "दिला," ती म्हणाली, आणि सूप उचलून घाईनं मागच्या अंगणात गेली. कोंबड्यांना हाका मारताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आता तू म्हन," सासूबाई मला म्हणाल्या. "म्हन, माहा पोरगा."

तीन वर्षं मी या शब्दासाठी तडफडले, आणि आता तो येईना. सासूबाई वाट पाहत होत्या, मी नुसती त्या लोकरीच्या टोपीवरून हात फिरवत होते. पोराला कंटाळा आला. ते माझ्या मांडीवरून सुटलं आणि बैल ओढत गेलं सरळ तिच्या स्वयंपाकघरात. तिथं पातेल्याला खालीवर निखारे लावून केलेला केक होता. थोड्या वेळानं मी डोकावले तर त्याचे दोन्ही गाल फुगलेले, हातात तुकडा, आणि बाई आणखी एक कापत होती.

"बस कर वो!" मी दारातून ओरडले. "माह्या पोराचं पोट बिघडवतेस का?"

मागून सासूबाईंचा हुंदका आला की हसू, मला कळलं नाही. बाईची सुरी थांबली. तिनं तो केकचा तुकडा हातात तसाच धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "एक लहानसा देऊ का?"

तीन वर्षांत त्याला काही देताना तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

"दे," मी म्हटलं.